आठवी थाप

१

बाळाला आंघोळ घालणं त्या मानाने सोपं होतं. खरी परीक्षा आंघोळीनंतर सुरू व्हायची.

घरातला नवा पाहुणा, वय दिवस चोवीस, पाण्यात असेपर्यंत एखाद्या न्यायाधीशासारखा गंभीर असायचा. आजोबांच्या डाव्या मनगटावर मान टेकून टबात पडल्या पडल्या छताकडे बघत राहायचा. पाण्याबाहेर काढलं की दोन-तीन सेकंद नुसतं तोंड उघडं, आवाज नाही. आणि मग जो सूर लागायचा, त्याने घर डोक्यावर. आईने त्याला भोंगा म्हणायला सुरुवात केली होती. खरं नाव अजून ठरायचं होतं. जावई कामासाठी पाच आठवडे परगावी होता आणि नावांची यादी फोनवर नुसती लांबत चालली होती.

आंघोळीचं काम आजोबांकडे आलं ते नाइलाजाने. लेकीचं बाळंतपण ऑपरेशनने झालेलं, तिला अजून वाकायची मनाई. वजन करायला येणाऱ्या सिस्टरने दोन दिवस दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी सरळ बाळ हातात दिलं. "आजोबा, घाबरू नका. तो घाबरत नाही, मग तुम्ही कशाला?"

आजोबा घाबरायचेच. ते कशालाही घाबरायचे. पाणी किती गरम, ते थर्मामीटरने बघायचे, मग कोपर बुडवून बघायचे, मग थर्मामीटरच बिघडला नसेल ना म्हणून दुसरा लावायचे. चाळीस वर्षं त्यांनी ध्वनिशास्त्र शिकवलं होतं. मोठ्या सभागृहांत आवाज कुठे आपटतो, किती वेळाने परततो, आणि तो परतू नये म्हणून भिंतीला काय लावायचं, हे विचारायला लोक त्यांना लांबून बोलावून नेत. प्रोफेसर, हीच त्यांची ओळख. शेजारीही तेवढंच म्हणत. आता त्याच प्रोफेसरांच्या दोन्ही कानांत यंत्रं होती. "बाबा, कानांनी तुमच्या आधीच निवृत्ती घेतली," असं लेक म्हणायची. ती दातांची डॉक्टर. बोलायला तिखट, हाताने हलकी.

सोमवारपासून ती अर्धा दिवस दवाखान्यात जाणार होती. बाळ पाळणाघरात ठेवायचं की बाबांकडे, हे तिने अजून ठरवलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. प्रोफेसर रोज त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवून बसत. गेल्या सहा वर्षांत कुणाला त्यांची गरज पडली नव्हती.

२

शांत करण्याची त्यांची एक पद्धत बसली होती. बाळाला जाड टॉवेलात गुंडाळायचं, डाव्या खांद्यावर घ्यायचं आणि बोळातून येरझाऱ्या घालायच्या. झोपायच्या खोलीपासून बाथरूमच्या दारापर्यंत अकरा पावलं. चालताना उजव्या हाताने पाठीवर थोपटायचं: सात थापा, मग एक श्वास, परत सात. सातच का, कोण जाणे. त्यांच्या एका श्वासात तेवढ्याच बसत असाव्यात.

पहिल्या दिवशी बावीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी खांद्याची वाट लागली.

चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, बाथरूमच्या दारापाशी वळताना त्यांनी सात थापा दिल्या, श्वास घ्यायला थांबले, आणि आठवी ऐकू आली.

हलकीशी, ओलसर. भिजल्या तळव्याने मऊ कशावर तरी टेकवल्यासारखी.

प्रोफेसर थांबले. बाळही थांबलं. रडता रडता मध्येच, वाक्य अर्धं सोडावं तसं.

"बाबा?" आतून लेकीने हाक मारली. "झाला गप्प? एवढ्यात?"

"हो गं, झाला," ते म्हणाले.

प्रतिध्वनी. दुसरं काय असणार? बाथरूमला छतापर्यंत फरशा, समोरासमोर दोन गुळगुळीत भिंती. अशा खोलीत टाचणी पडली तरी तिची बातमी होते. हे त्यांनी शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. दुपारी जेवताना मात्र घास हातातच राहिला. टॉवेलावरची थाप जेमतेम दोन हातांवर ऐकू जाते. ती भिंतीवर जाऊन परत येईल कशी? आणि आली, तर एकट्या सातव्या थापेचीच का येईल? पहिल्या सहांनी काय घोडं मारलं होतं?

मग त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतःवर संशय घेतला. आपणच आठ दिल्या असतील. वय झालं, मोजणं चुकतं.

३

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोजून सात दिल्या. आठवी आली.

परत सात. परत आठवी. नेमक्या त्याच अंतराने, सातवीनंतर जेवढ्या वेळाने आठवी पडायला हवी तेवढ्याच वेळाने. बाळाने एक हुंदका दिला आणि मान वळवली. चोवीस-पंचवीस दिवसांच्या पोराला मान कुठली वळवता येते? पण त्याने ती प्रोफेसरांच्या खांद्यावरून बाथरूमकडे कलती केली आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिलं.

शहाण्या माणसाने तिथून काढता पाय घेतला असता. लेकीला हाक मारली असती, निदान रेडिओ तरी लावला असता. प्रोफेसरांच्या हातून जी चूक झाली, ती त्यांच्यासारख्याच माणसाच्या हातून व्हावी अशी होती. त्यांनी प्रयोग केला.

प्रतिध्वनीला मोजता येत नाही. तो दिलेलं परत देतो, बस्स. तेव्हा त्यांनी पाच थापा दिल्या आणि हात वर धरला.

सहा. सात. आठ.

तिन्ही आतून आल्या, सावकाश, जराही न चुकता. कुणीतरी त्यांचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करून दिलं.

ते हटले नाहीत. तीन दिल्या, पाच आल्या. एक दिली, सात आल्या. शेवटी त्यांनी हात नुसताच टॉवेलावर ठेवला. एकही थाप दिली नाही. आतून आठ आल्या, मग एक श्वास घेण्याइतकी शांतता, आणि परत आठ.

बाळ गाढ झोपलं होतं. रडायला लागल्यापासून दोन मिनिटंही झाली नव्हती.

बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं. आत टब, टबात थोडं पाणी, नळाखाली बादली, खुंटीवर त्यांचाच पंचा. पाणी हलत नव्हतं. तेवढंच बघून ते मागे फिरले.

लेक दारात उभी होती, हात पोटावर धरून. हसत होती. "तुमच्या हातात जादू आहे हो, बाबा. माझ्याकडे तर पाऊण तास बोंबलतो. बोळातून तुमचं थोपटणं ऐकू येत होतं, मलाच झोप यायला लागली."

बोलायचं तर तीच वेळ होती. प्रोफेसरांनी तोंड उघडलं.

"सोमवारपासून तुमच्याकडेच ठेवते त्याला," लेक म्हणाली. "पाळणाघर वगैरे नको. चालेल ना?"

"चालेल," प्रोफेसर म्हणाले. "न चालायला काय झालं?"

४

त्या दुपारी त्यांनी सगळी कारणं एकेक करून तपासली. घर नवं, इमारत तीन वर्षांची, यांच्याआधी इथे कुणी राहिलेलं नाही. वरच्या मजल्यावर एक शिक्षिका, ती अकराला शाळेत. नळ गळत नाही. भिंतीतला पाइप? पाइप आठपर्यंत मोजत नाही. गेलेली बायको तर नसेल, असाही एक विचार येऊन गेला, आणि त्यांना हसूच आलं. बिचारीने स्वतःच्या मुलीलासुद्धा कधी थोपटलं नव्हतं. पोरं आपापली झोपतात, हे तिचं ठाम मत.

राहिले कान. यंत्रं बिघडली की नसलेले आवाज काढतात, हे त्यांना ठाऊक होतं. चला, सुटलो, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर त्यांनी दोन्ही यंत्रं काढून खिशात टाकली. जग एकदम लांब गेलं. भोंगा त्यांच्या कानाशी वीतभर अंतरावर तोंड वासून रडत होता आणि त्यांना ते शेजारच्या घरातल्यासारखं, उशीखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. स्वतःची पावलं ऐकू येत नव्हती.

थापा मात्र स्पष्ट होत्या. रोजच्यासारख्याच, किंवा जास्तच. आणि आता त्या बाथरूममधून येत नव्हत्या. बोळात होत्या, त्यांच्या मागे चार-पाच पावलांवर.

ते वळले नाहीत. वळायला हवं होतं, असं नंतर त्यांना कितीदा तरी वाटलं. पण खांद्यावर बाळ असताना माणूस पडायला घाबरतो.

मग दोन दिवस त्यांनी आंघोळच टाळली. हॉलमध्ये, उजेडात, ओल्या कापडाने पुसून काढलं. भोंगा रडला नाही, कुणी थोपटलं नाही. दोन्ही दिवस प्रोफेसर जेवले, वर्तमानपत्र वाचलं, लेकीच्या विनोदांवर हसले. पाण्याशिवाय निभतं तर, त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

शनिवारी सिस्टर आली. तिने बाळाची हनुवटी उचलली, गळ्याच्या वळीत बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "हे काय, आजोबा? दुधाचा थर बसलाय, कातडी लाल झाली बघा. आंघोळ घालता की नुसती बातमी देता?"

"पुसतो ना..."

"पुसायला तो काय टेबल आहे? उद्यापासून रोज आंघोळ. चांगली, पाण्यात. मी विचारणार आहे."

"बाबा?" लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "मला तर म्हणालात घातली."

तिच्या कपाळावर जी बारीकशी आठी पडली, तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं. ही सोमवारपर्यंत टिकली, की संपलंच.

५

रविवारी त्यांनी आंघोळ घातली. पाणी तीनदा तपासलं. भोंग्याने छताकडे बघितलं. गळ्याच्या वळ्या धुऊन झाल्या, त्याला बाहेर काढलं, टॉवेलात गुंडाळलं. दोन सेकंद उघडं तोंड, आणि मग तो सूर.

आज बोळात जायचंच नाही, हे त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. ते तडक झोपायच्या खोलीत गेले, दार लावलं आणि खिडकीपाशी खुर्चीत बसले. पाठ भिंतीला. समोर सगळी खोली: पलंग, कपाट, बाळाचा पाळणा, लावलेलं दार. स्वच्छ ऊन पलंगावर पडलं होतं. मागे कुणाला जागाच नाही. बाळ छातीवर, उभं, तोंड त्यांच्या गळ्यात. दोन्ही हात त्यांनी त्याच्या कमरेखाली धरले आणि ते वाट बघू लागले. थोपटायचं नाही. रडू दे.

तो रडला. चांगला रडला. मिनिटभर, दोन मिनिटं. बाहेरून काही आवाज नव्हता. त्यांना वाटलं, सुटलो.

मग बाळाच्या पाठीवरचा टॉवेल दबला.

त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. पांढरा, जाड, कोरडा टॉवेल. मध्यभागी तळव्याएवढा भाग अलगद खाली गेला आणि वर आला. परत खाली गेला. त्यांचे दोन्ही हात खाली होते, ते त्यांना दिसत होते, त्यांनी बोटं हलवून खात्री करून घेतली. तीन. चार. प्रत्येक वेळी दाब त्यांच्या छातीपर्यंत पोचत होता, बाळाच्या अंगातून. हळुवार होता. हेच त्यांना सहन होईना; इतकं हळुवार त्यांना स्वतःला कधी जमलं नव्हतं.

आठ झाल्या. टॉवेलावर ओला डाग उरला होता. त्याला कडा होत्या. बोटं किती, ते मोजण्याआधी प्रोफेसरांनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा भोंगा झोपला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे त्यांच्या हातांनी त्याला एकदाही दिलं नव्हतं.

६

संध्याकाळी त्यांनी लेकीला सांगितलं. सगळं, क्रमाने, चाचण्यांसकट. दवाखान्यात पेशंट घाबरला की ऐकते, तशी ती ऐकत राहिली.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "तुमची झोप नीट होत नाहीये. कानांचं परत एकदा दाखवू या. या आठवड्यातच."

"यंत्रं काढली होती मी."

"मग तर दाखवायलाच हवं." तिने त्यांचा हात हातात घेतला. "इतका विचार नका करू हो. तुम्ही त्याला किती छान सांभाळता, मी बघते ना. उद्या फक्त चार तास. अकराला आंघोळ, मग तो झोपेलच. तुम्हीही झोपा."

म्हणजे उद्या अकरा वाजता या घरात ते दोघं. आणि ते, थोपटणारं. लेक नाही, सिस्टर नाही. चार तास.

प्रोफेसरांनी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता. एकदा, तरुणपणी, एका सभागृहाचं मोजमाप चुकलं होतं, तेव्हा त्यांनी स्वतः पत्र पाठवून चूक कबूल केली होती. बरीच वर्षं त्यांना त्याचा त्रास झाला. ते लेकीच्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले,

"एक सांगायचं राहिलं. आज तो माझ्या हातातून निसटला."

"काय?"

"टबात. हात थरथरला. तोंड पाण्याखाली गेलं त्याचं. दोन-तीन सेकंद असेल." त्यांना वाटलं इथे थांबावं, पण एवढ्याने ती बधणार नाही, हे त्यांना माहीत होतं. "याआधीही झालंय एकदा. तुला सांगितलं नाही."

लेकीने हात काढून घेतला. उठून पाळण्यापाशी गेली, बाळ उचललं, त्याचं डोकं, छाती, नाक बोटांनी चाचपलं.

"म्हणून दोन दिवस आंघोळ टाळलीत," ती पाठमोरीच म्हणाली. "आणि म्हणून आत्ता हे सगळं, थापा नि काय काय."

"हो," प्रोफेसर म्हणाले.

"मला सांगायचं होतं ना, बाबा. नुसतं सांगायचं होतं."

तिने सासूबाईंना फोन लावला. कपाटातून बॅग काढल्याचा आवाज त्यांनी ऐकला. त्या रात्री बाळ तिच्या खोलीत होतं आणि खोलीला आतून कडी होती. ती कडी आपल्यासाठी आहे, हे त्यांना कळलं. मनात ते म्हणाले, असू दे, घट्ट लाव.

७

सकाळी गाडी आली. लेक एका हाताने बॅग उचलू लागली, ती त्यांनी घेऊन खाली नेली. तेवढं तिने नेऊ दिलं. जाण्याआधी तिने स्वतः भोंग्याला बेसिनमध्ये घाईघाईने आंघोळ घातली होती, वाकायची मनाई असूनही. साहजिकच तो रडत होता. जिन्यात, फाटकात, गाडीत, एकसारखा. ड्रायव्हरने कानात बोट घालून हलवलं.

"पोचल्यावर फोन करते," लेक त्यांच्याकडे न बघता म्हणाली. मग बघितलं. "जेवून घ्या वेळेवर."

गाडी वळणाआड गेली तरी रडणं ऐकू येत होतं. प्रोफेसर फाटकात उभे राहून ते ऐकत राहिले. इतकं सुंदर रडणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. कुणी ते थांबवत नव्हतं.

ते जिना चढून वर आले. घराचं दार त्यांनी उघडं टाकलं होतं.

आत थापा चालू होत्या. पण मोजून आठ नव्हत्या. तीन, मग घाईने दोन, मग एक, मग लांब शांतता, मग एकामागून एक दहा-बारा. बाथरूममध्ये, मग बोळात, मग पाळण्यापाशी. परत बोळात. हरवलेलं शोधताना माणूस त्याच त्या जागा पुन्हा बघतो, तसं. आणि प्रत्येक फेरीला ते दाराच्या थोडं जवळ येत होतं.

चिंता कशी चालते, हे प्रोफेसरांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी ती चाल ओळखली. आता पुढचं पाऊल जिन्यात. मग रस्त्यावर, त्या रडण्याच्या मागे.

त्यांनी घरात येऊन दार लावलं. जाड टॉवेल दोरीवर होता. तो त्यांनी गुंडाळला, डाव्या खांद्यावर घेतला, बोळात खुर्ची ओढून बसले. आणि उजव्या हाताने टॉवेलावर थोपटायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. हात उचलून धरला.

बराच वेळ काही झालं नाही.

मग, अगदी जवळ, आठवी.

त्यांनी श्वास घेतला आणि परत सुरुवात केली.

दीड तासाने फोन वाजला. तो वरच्या खिशात होता. त्यांनी डावा हात कसाबसा घालून तो कानाशी धरला, उजवा थांबू दिला नाही.

"पोचलो," लेक म्हणाली. आवाज कोरडा होता. मागे भोंगा सूर लावून होता. "गाडीत झोपला जरा, आता परत सुरू. सासूबाईंनी सगळं करून बघितलं, काही केल्या थांबत नाही."

"रडू दे त्याला," प्रोफेसर म्हणाले. "खरंच, रडू दे."

ती काही तरी बोलणार होती. गप्प झाली. ते तिकडचं रडणं ऐकत होते, आणि तीही इकडचं काहीतरी ऐकत होती, हे त्यांच्या जरा उशिराच ध्यानात आलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कुणाला थोपटताय?"

खांद्यावरचा टॉवेल ओला झाला होता. उजवा हात कोपरापासून बधिर झाला होता; हात बदलायला हवा होता, आणि तो एकही थाप न चुकवता बदलायचा होता.

"फोन ठेव बाळा," ते म्हणाले. "माझं मोजणं चुकेल."